छातीत कोंडलेली हवा

बूट डोक्यावर घेऊन मी मैदानात उभी होते. जालन्यातलं मैदान, हिवाळ्यातले सकाळचे सहा. पोलीस भरतीच्या सरावात जो मधेच थांबल, त्यानं बाकीच्यांचं पळणं होईस्तोवर असं उभं राह्यचं, हा आमच्या सरांचा नियम. आठशे मीटरला मी सहाशेवर थांबल्ते.

सर म्हणले, "मार्कात सवलत, फीत सवलत. आता श्वासात बी सवलत पायजे का तुमच्या लोकांना?"

पोरं हसली. मला बोलायचं होतं. पर बोलायला हवा लागती.

दम्यात हवा आत जात न्हाई, असं लोकांना वाटतं. उलटं हाय. ती बाहेर निघत न्हाई. थंड, कोरडी हवा तोंडानं ओढत पळलं की नळ्या आवळतात. अर्धा श्वास सुटला न सुटला, पाय पुढचा मागतात. छाती फुगलेलीच ऱ्हाती. बरगड्या ताणलेल्या, खांदे कानाला. अन् सर ओरडतात, "श्वास घे! जोरात घे!" अहो, घेऊ कुठं? आधीचा सोडू तर द्या!

मैदानाच्या कडंला माझे बाबा रिक्षा लावून उभे होते. सगळं बघितलं त्यांनी. वाटलं, आता येतील, बूट उतरवतील. ते आले न्हाईत. मान दुसरीकडं केली.

रिक्षातनं घरी जाताना मी दम्याचा पंप काढला. बाबा मागं न बघता म्हणले, "माय, झाकून घे. लोकांनी बघितलं तर सोयरीक येणार न्हाई."

सरांचं मी विसरले असते. बाबांचं काळजात घुसलं. मान वर करून चालायला ह्याच माणसानं शिकवल्तं मला. ओढणीखाली पंप ओढला अन् घर येईस्तोवर रडले.

दुसऱ्या दिवशी पळायच्या पंधरा मिनिटं आधी, डॉक्टरांनी सांगितल्ता तसा, रांगेत सगळ्यांसमोर पंप घेतला. तरी बी सातशेवर छाती आवळली. थांबले.

"बूट काढ," सर म्हणले.

"न्हाई काढणार."

"मंग चालती हो इथून."

"मैदान सरकारी हाय, सर. तुमच्याकडं शिकणार न्हाई. पळणार इथंच."

चारचौघांत पंप घेतला तवापासून बाबा सोडायला येत न्हाईत. बोलत बी न्हाईत. लई तुटतं आतून. पायी जाते.

निवड होईल का, ठाऊक न्हाई. दम कोंडला तर थांबीन, पुरा श्वास सोडीन, परत पळीन. सगळ्यांच्या देखत. सोयरीक न्हाई आली तर न्हाई. उद्या सहाला मी मैदानावर हाय.