एकमताने मोडलेलं प्रेम

सदर व्यक्ती भूगोल विभागात वरिष्ठ अध्यापिका या पदावर कार्यरत असून तिच्याकडे महिला सल्ला व मार्गदर्शन कक्षाच्या प्रमुखपदाचा अतिरिक्त कार्यभार विनामोबदला सोपवण्यात आलेला आहे. कक्षास स्वतंत्र दालन उपलब्ध करून देण्यात आले आहे. विद्यार्थिनींना वैयक्तिक, कौटुंबिक व भावनिक बाबींत योग्य तो सल्ला देणे हे कक्षप्रमुखाचे कर्तव्य राहील. बांधा मध्यम. केस अर्धे पिकलेले. ओळखीची खूण: बोटांना खडू. वैवाहिक स्थिती: विभक्त. अवलंबून असलेल्या व्यक्ती: एक, सासू.

हे सगळं कागदोपत्री बिनचूक आहे. त्यातलं खडूचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

स्वतंत्र दालन म्हणजे नकाशांची अडगळ. कोपऱ्यात गुंडाळलेले नकाशे भिजलेल्या छत्र्यांसारखे उभे असतात. पृथ्वीचा एक गोल आहे, त्याचा दक्षिण ध्रुव कधीतरी कोणाच्या हातून पडून आत गेलेला, त्यामुळे पृथ्वी तिथे कायम कलंडलेली असते. विजेची किटली आहे. वायरिंगला झेपत नाही म्हणून तिच्यावर बंदी आहे, आणि म्हणूनच ती कपाटामागे राहते. खिडकीतून खालचा स्कूटर स्टँड दिसतो. कॉलेजातली बहुतेक प्रेमं त्या स्टँडवर सुरू होतात आणि तिथेच संपतात, तेव्हा कक्षासाठी ही जागा निवडणाऱ्याने निदान खिडकी तरी पाहिली असावी. दारावर पाटी आहे: महिला सल्ला व मार्गदर्शन कक्ष. शेजारची खोली भाषा विभागाची, म्हणजे माझी. मधली भिंत प्लायवूडची. पलीकडचं न ऐकण्याचा प्रयत्न मी सुरुवातीला केला, मग सोडून दिला.

मुली या कक्षप्रमुखांना तोंडावर 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'होकायंत्र'. कुठल्याही बाजूने प्रश्न विचारा, बाई जरा डगमगल्यासारखं करतात आणि पुन्हा एकाच जागी येऊन थांबतात: "तुला काय वाटतं?"

दर बुधवारी शेवटचा तास संपला की तिथे सात-आठ मुली जमतात. आधी वाचन होतं. बायकांचे हक्क, घरकाम, पगार, लग्न, यावरचा एखादा लेख. पितृसत्ता हा शब्द पहिल्याच सत्रात सगळ्यांच्या हाती लागला आणि नवा चष्मा मिळाल्यासारखा त्या तो लावून घरीदारी बघू लागल्या. एकीने रात्री जेवताना वडिलांना सांगितलं की तुमचं ताट रोज आई उचलते, याला अदृश्य श्रम म्हणतात. वडिलांनी शांतपणे ताट उचललं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. पुढच्या बुधवारी या प्रसंगावर चर्चा झाली. निष्कर्ष निघाला नाही, पण हशा बराच झाला, आणि बाईंचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

वाचनानंतर 'मोजणी'. हा बाईंचा शोध. एकीने आपली अडचण सांगायची आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. मत नाही, सल्ला नाही. "न मोजता काढलेला नकाशा सुंदर असतो," बाई सांगायच्या, "फक्त त्यावरून चालायचं नसतं." ज्या मुलीला सल्ला द्यायची अगदीच उबळ येईल तिने मुकाट्याने उठायचं, किटली घ्यायची आणि पार व्हरांड्याच्या टोकाच्या नळावरून भरून आणायची. तेवढ्या चालण्यात उबळ उतरते, असा बाईंचा अनुभव. पहिल्या काही महिन्यांत त्या खोलीत चहा फार झाला. भिंतीपलीकडे मलाही मिळायचा.

या मुलींत एक होती 'ठराव'. वादविवादाच्या ढाली जिंकणारी, 'मुद्दा क्रमांक एक' म्हटल्याशिवाय पेन उसनं न मागणारी. आणि एक होती 'कुलूप'. ती दोन वर्षं त्या कलंडलेल्या पृथ्वीशेजारी बसून नुसती ऐकत होती. भूगोल विभाग दरवर्षी नदीची मोजणी करतो, तिथे मात्र मापाचा खांब धरावा तो तिनेच. गुडघाभर पाण्यात उभी राहिली तरी खांब तसूभर हलायचा नाही. म्हणून यंदाच्या मोजणीच्या तुकडीची प्रमुख बाईंनी तिला केलं. कॉलेजातर्फे मुक्कामी जायचं, नदीचा तळ मोजायचा, नकाशा काढायचा. कुलूपला हे किती हवं होतं हे तिने कोणाला सांगितलं नाही, पण नेमणूक झाल्यावर ती सलग दोन वाक्यं बोलली होती.

एका बुधवारी बाई परीक्षेच्या पर्यवेक्षणाला गेल्या होत्या. नेमकं त्याच दिवशी कुलूप उघडलं.

"तो म्हणतो, मोजणीला जाऊ नको," पलीकडून हलका आवाज आला. तो म्हणजे खाली लाल स्कूटरवर वाट बघणारा. "मुलं पण असणार म्हणतो. संध्याकाळी कुठे असतेस ते मोबाईलवर पाठवत जा म्हणतो. तसा वाईट नाहीये गं. आई आजारी होती तेव्हा रोज दवाखान्यात तोच न्यायचा. मला कळत नाहीये."

मला कळत नाहीये, हे मोजणी सुरू करण्यासाठी उत्तम वाक्य होतं. पण किटलीला कोणी हात लावला नाही.

"मुद्दा क्रमांक एक," ठराव म्हणाली. "हे प्रेम नाही, पहारा आहे. मुद्दा क्रमांक दोन, दवाखान्यात नेलं म्हणजे मालकी मिळत नाही. हे नातं तात्काळ संपवण्यात यावं, असा मी ठराव मांडते."

"अनुमोदन," पहिल्या वर्षाची धाकटी म्हणाली. हा शब्द तिला नुकताच आला होता.

"पण मी काय म्हणते..."

"तू थांब. तुझे हितसंबंध गुंतलेत. तुला मत देता येणार नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. मग मेसेजचा मजकूर. त्यावर बराच खल झाला, एक दुरुस्ती फेटाळली गेली, आणि 'यापुढे संपर्क साधू नये' या ओळीनंतर पूर्णविराम हवाच यावर एकमत झालं. फोन कुलूपच्या हातात दिला गेला. "पाठव." तिने पाठवला. सांगितलेलं ऐकायची तिला सवय होती, त्या दिवशी सांगणारं बदललं एवढंच. पलीकडे टाळ्या वाजल्या. माझ्याकडे त्या दिवशी चहा आला नाही, यावरूनच मला काहीतरी बिनसल्याचं कळायला हवं होतं.

पुढच्या बुधवारी कुलूप आली नाही. वर्गातही दिसेना. लाल स्कूटरही दिसेना. त्यानंतर तिची ताई आली, कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला. ताई तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते आणि समोरच्याकडे शीर शोधत असल्यासारखी बघते.

"घरी बसून नुसती रडते," ताई म्हणाली. "आधी तो सांगायचा, जाऊ नको. मग तुमच्या पोरींनी सांगितलं, सोड त्याला. आता मी सांगतेय, कॉलेज सोड, घरी बस. तिला काय, ऐकायची सवय आहे."

बाई खडूची बोटं पुसत राहिल्या. "दाखला मिळेल," त्या म्हणाल्या. "मी आडवी येणार नाही. फक्त तिला स्वतःला येऊन मागू दे."

"ती नाही मागणार."

"मग नाही मिळणार."

"बाई, मी मोठी बहीण आहे तिची."

"दिसतंच आहे. तुम्ही आलात म्हणून बरं वाटलं. पण ती येऊ दे."

ताईला हे पटलं नाही, तरी जाताना ती 'सांगते' म्हणाली.

त्यानंतरच्या बुधवारी आता मुलींची हजेरी घेतली जाणार, असं समजून मी खुर्ची भिंतीजवळ ओढली. ठरावाचं सगळं मी बाईंना शब्दशः सांगितलं होतं, तरी त्यांनी आवाजही चढवला नाही.

"आज माझा विषय घ्या," त्या म्हणाल्या. "ठराव, सभा चालव. माझा नवरा दुसरीकडे राहतो, कायमचा. त्याची आई माझ्यासोबत राहते. दिवाणखान्यात त्याचा मोठा फोटो आहे. दर रविवारी त्या माझ्या फोनवरून त्याला फोन लावतात. मला यायला उशीर झाला की दारात उभ्या. सासूबाईंनी राहावं की जावं? मी मत देणार नाही. माझे हितसंबंध गुंतलेत."

मग ठरावला राहवलं नाही. "म्हणजे त्याने सोडलं, आणि त्याची आई तुम्ही सांभाळायची? वर फोटो? बाई, हे तर पुस्तकातल्या उदाहरणासारखं आहे."

"अनुमोदन," धाकटी म्हणाली.

सासूबाईंनी जावं, असं एकमताने ठरलं. काय चाललंय हे एकीच्याही लक्षात आलं नाही, आणि तत्त्व पक्कं असलं की माणूस कसा ठार आंधळा होतो हे मला प्लायवूडमधून स्पष्ट दिसलं.

"छान," बाई म्हणाल्या. "चला मग घरी, सांगू त्यांना. मेसेज नको, त्यांना चष्मा सापडत नाही."

पुढचं मला ठरावनेच सांगितलं. वक्तृत्वाच्या ढाली जिंकणारी मुलगी स्वतःची फजिती सांगताना एक शब्दही गाळत नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

दार सासूबाईंनी उघडलं. बारीकशा, ताठ, हातात काठी, पण ती टेकायची नसून दाखवायची.

"केवढी ही पलटण," त्या म्हणाल्या. "कोणाच्या गं तुम्ही? बसा. तू, उंच, खिडकीत उभी राहू नकोस, उजेड जातो. सूनबाई, बिस्किटं वरच्या डब्यात आहेत, खालच्या डब्यातली मऊ पडलीत. काय काम काढलंत?"

ठरावने घसा साफ केला. "आजी, आम्ही... म्हणजे कक्षातर्फे... राहण्याच्या संदर्भात..."

"राहायला जागा हवीय? इथे नाही होणार. दोनच खोल्या आहेत."

"नाही, तुमच्या राहण्याच्या संदर्भात."

"माझ्या?" सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून बिस्किटं लावत होती आणि मान वर करत नव्हती. "बाळा, घर माझ्या नावावर आहे. ही माझ्याकडे राहते. पोराला मी काढलं."

नंतर ठराव मला म्हणाली, "सर, इतके लेख वाचले, पण घर कोणाचं हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही."

"आणि रविवारचा फोन?" हे धाकटीने विचारलं, आणि त्या दिवसातला हा पहिला खरा प्रश्न होता.

"शिव्या द्यायला," सासूबाई म्हणाल्या. "आठवड्याच्या साठतात."

"मग फोटो का ठेवलाय?"

"काढून बघ."

धाकटीने फोटो बाजूला केला. मागे भिंतीला ओल आली होती आणि हातभर पोपडा सुटला होता. सासूबाईंनी बिस्कीट चहात बुडवलं. "त्याच्या आकाराचं दुसरं काही मिळेना," त्या म्हणाल्या.

निरोप घेऊन सगळ्या जिना उतरल्या. खाली आल्यावर ठराव म्हणाली, "बाई, आम्ही तिला एकही प्रश्न विचारला नाही."

"हं," बाई म्हणाल्या.

"आता काय करू?"

"तुला काय वाटतं?"

ठराव दुसऱ्या दिवशी एकटी कुलूपच्या घरी गेली. दार ताईने उघडलं आणि ती दारातच उभी राहिली. ठराव म्हणाली, "मला काही सांगायचं नाहीये. विचारायचंय." ताईने तिला बराच वेळ शीर शोधल्यासारखं न्याहाळलं आणि आत घेतलं. आत दोघींचं काय बोलणं झालं ते ठराव सांगत नाही. तिने गाळलेली ही एकच जागा, आणि मला ती तिच्या सगळ्या ढालींपेक्षा मोठी वाटते.

पुढच्या बुधवारी कुलूप आली. ताई सोबत होती, पण ती दाराबाहेर थांबली.

"दाखला मागायला आलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही. दाखला नको हे सांगायला आले. मीच आले." मग तिने श्वास घेतल्याचं भिंतीतून ऐकू आलं. "त्याला भेटले. तो मेसेज माझा नव्हता, असं सांगितलं. मग जे माझं होतं ते सांगितलं. काय सांगितलं ते इथे सांगणार नाही. त्यावर चर्चा नको."

कोणीही चर्चा केली नाही. ठराव असलेल्या खोलीत हे घडलं, म्हणून नोंदवतो.

"मोजणीला येतेय," कुलूप म्हणाली. "मग पुढे... आई म्हणते एवढ्यात नोकरी बघ, मला अजून शिकायचंय, तो म्हणतो..." ती थांबली. "बाई, तुम्ही सांगा ना. मी काय करू?"

पलीकडे खुर्ची सरकली, कपाटामागे खुडबुड झाली आणि दार उघडलं. मी बाहेर डोकावलो. व्हरांड्याच्या टोकाच्या नळाकडे बाई स्वतः किटली घेऊन निघाल्या होत्या. चाल नेहमीपेक्षा भरभर होती. नळाशी त्या बऱ्याच वेळ उभ्या राहिल्या. किटली भरून वाहायला लागली तरी. परत आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखा होता.

"पाणी आणलं," त्या आत जाऊन म्हणाल्या. "हं. आईला नोकरी आत्ताच का हवीय, हे तू तिला विचारलंस?"

"नाही," कुलूप म्हणाली. आणि मोजणी सुरू झाली.

दारावर अजून तीच पाटी आहे. सल्ला तिथे मिळत नाही.