तीस सेकंद
कडब्याचा वास आला की ईट गावाजवळच्या आमच्या रानातली ती रात्र आठवते. स्टँड नव्हता, म्हणून साधा कॅमेरा कडब्याच्या पेंढ्यांवर टेकवून मी चांदण्यांचे फोटो काढत होतो. "माझा बी काढ की एक," वडील म्हणाले. "आण्णा, अंधारात फोटोला वेळ लागतो, तीस सेकंद हलू नका." त्यांनी जुन्या स्टुडिओतल्यासारखा श्वासच रोखून धरला आणि मधेच त्यांना खोकल्याची उबळ आली. फोटोत चांदण्या स्वच्छ आल्या, चेहरा नुसता धुरकट. "बरा आला का रं?" त्यांनी विचारलं. "व्हय," म्हणत मी तो डिलीट केला. मेमरी कार्डात आभाळासाठी जागा हवी होती. त्यांच्या तेराव्याला मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला. चांदण्यांचे फोटो सगळे आहेत, पण ते उघडून बघवत नाहीत.