माडीवरची लाकडी जमीन

वडील मंगळवारी गेले. सकाळी त्यांनी चहा घेतला, अंगणात जाऊन फळ्यांवरून हात फिरवला, आत येऊन बाजेवर बसले आणि पडले. रिसोडहून डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली.

कार्तिक महिना होता. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. फळ्या सागाच्या होत्या, वडिलांनी माडीवरच्या खोलीसाठी आणलेल्या. आमच्या केनवडात माड्या होत्या, पण तिथेही फळ्यांवर माती पसरायची आणि ती शेणाने सारवायची, अशीच रीत. वडील शाळामास्तर. जनगणनेच्या कामावर असताना त्यांनी जंगलातल्या एका रेस्ट हाउसात उघड्या लाकडाची जमीन पाहिली होती. चपला बाहेर काढून आपण तिच्यावर उगाच दोन फेऱ्या मारल्या, असं ते सांगत. तशी एक खोली त्यांना हवी होती. पोपडे निघणार नाहीत, पुस्तकांना ओल लागणार नाही अशी.

तेरावं झाल्यावर काकांनी विचारलं, या फळ्यांचं काय करायचं? गोठ्याला दार नव्हतं, त्यांची नजर तिकडे होती.

"माडीची जमीन करायची," मी म्हटलं.

मी तेव्हा रिसोडच्या शाळेत शिकवत होते. आई-वडिलांची एकुलती एक, आणि मोठ्यांपुढे सहसा बोलत नसे. काका उठून गोठ्याकडे गेले. मग फळ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

गावातल्या सुतारमिस्त्रींना बोलावलं. त्यांनी प्रत्येक फळी उभी करून बोटाच्या पेराने ठोकली, कान लावला, वास घेतला. काही फळ्या बाजूला काढल्या.

"हे कडेचं पांढरं दिसते ना, हे कवळं लाकूड. किड्याचं जेवन. हे कापून टाकू. आन् हा पिवळा गाभा. हा तुमच्या नातवाले पुरन."

"माहं लगन नाही झालं, मिस्त्रीबाबा."

"मंग तुमालेच पुरन."

मग रंध्याने एक ढलपी काढून त्यांनी ती मुठीत दाबली. "ओली हाये. उन्हाळा खाऊ द्या तिले."

फळ्या पडवीत रचल्या, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळावी म्हणून. दर रविवारी मी थर खालचे वर करीत असे. हाताला कुसं लागत. आई ओसरीतून पाहत असे, काही बोलत नसे. मीही तिला काही सांगत नसे. त्या दिवसांत आम्ही दोघी एकमेकींशी फार कमी बोलत होतो.

वैशाखात मिस्त्री कामाला लागले. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला जीभ. एकीत एक बसवत ते सरकत गेले. भिंतीपाशी मात्र त्यांनी चारही बाजूंनी बोटभर जागा सोडली. मी कारण विचारलं.

"काहून म्हंजे? पावसाळ्यात फुगते ते. झाड मेलं तरी पानी प्याची आदत जात नाही, मास्तरीणबाई. पुस्तकात लिवलं नाही काय?"

मग घाण्यावरून जवसाचं तेल आणलं आणि तीन हात दिले. तेल चोळायचं, वरचं पुसून काढायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. मिस्त्रींनी सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवलं. झाडणी मऊ हवी. फडकं कोरडं हवं. कपाटाच्या पायांखाली जाड कापड. पाणी कधीच नाही. वही मी वडिलांच्या पुस्तकांत ठेवली. आईला अक्षरओळख नव्हती.

पुढच्या कार्तिकात वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी मी संध्याकाळच्या एस.टी.ने घरी आले. अंगण सारवलेलं, ओसरी सारवलेली. माडीवर गेले. तिथली जमीनही सारवलेली होती. भिंतीपासून दारापर्यंत, हाताच्या अर्धगोल फेऱ्यांनी, एक टीचही न सोडता. शेण अजून ओलं होतं.

"आई, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? सारवलं."

"लाकडाले पानी चालत नाही, आई."

"मले कोनी सांगतलं?" ती म्हणाली. "उद्या तुह्या बापाचं वर्साचं सराद. घर सारं सारवाचं आन् त्याचीच खोली तशीच कोरडी ठेवाची काय व?"

मिस्त्रींनी मला सांगितलं होतं आणि मी वहीला. मी कोरडी फडकी घेतली आणि शेण पुसायला बसले. ती दारात उभी राहिली. आत आली नाही.

आठवड्याभरात फळ्यांच्या कडा उठल्या, भाजलेल्या पापडासारख्या. दार उघडेना. चालताना बोटं अडखळत. मिस्त्री आले, त्यांनी पाहिलं आणि खोकला लागेपर्यंत हसले.

"वयनी, तुमी तं लाकडाले न्हाऊ घातलं!"

आई हसली नाही. ती जिना उतरून गेली, ती पूर्ण हिवाळा वर आली नाही.

काका म्हणाले, आता माती टाकून मोकळे व्हा. मी नाही म्हटलं. मग निदान रंधा मारून घ्या, म्हणाले. ते मिस्त्रींनीच खोडून काढलं. आत्ता उठलेलं तासलं तर वाळल्यावर तिथे खड्डे पडतील. थांबायचं, बस्स.

मी थांबले. खिडक्या दिवसा उघडायच्या, दव पडायच्या आत लावायच्या. फळ्यांना हात लावायचा नाही. माघ गेला, फाल्गुन गेला. चैत्राच्या उन्हात कडा हळूहळू खाली बसू लागल्या आणि एका रविवारी दार आपल्या वजनाने उघडलं.

त्या दिवशी मी खाली जाऊन आईला म्हटलं, "तेल द्यायचं हाये. मले एकटीले होत नाही." ते खरं नव्हतं.

ती आली. पदर खोचून बसली, फडकं तेलात बुडवलं, वास घेतला. "म्हंजे तेलानं सारवाचं. तसं सांगाचं ना मंग."

"रेषेरेषेनं, आई. लाकडाच्या रेषेनं."

"तू शाळेतल्या पोराईले शिकव."

तिचा हात अर्धगोलच फिरत होता. मी तिच्या मागून रेषेने पुसत गेले. दुपारपर्यंत आम्ही दारापाशी पोचलो. तिथे ती थांबली आणि विचारलं, "त्याले आवडली असती काय रे अशी?" मुलीला ती कधीमधी रे म्हणत असे. मी हो म्हटलं. त्यानंतर दर चैत्रात फडकी तीच काढून ठेवी.

आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. खाली सगळीकडे फरशी बसली आहे. माडीवर लाकूड आहे, आणि खिडकीजवळच्या दोन फळ्या सोडल्या तर ते सपाट आहे.