उकळलेलं विरजण

दोहाच्या त्या हॉटेलात मी कॉलेजच्या ट्रेनिंगसाठी आलो तेव्हा फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत चालला होता. दर आठवड्याला एखादा रस्ता बंद व्हायचा आणि आमची कंपनीची बस, आम्ही राहायचो त्या इंडस्ट्रियल एरियातून, वेगळ्याच वाटेने निघायची. हॉटेलला माणसं हवी होती, पण सगळीच नको होती. आम्हा ट्रेनींपैकी जे तोंडी परीक्षेत पास होतील त्यांना वर्ल्ड कपपर्यंत ठेवणार, बाकीचे परत. मला परत जायचं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ‘शिकला आणि घरी येऊन बसला’ हे आईला कुणाच्या तोंडून ऐकावं लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परीक्षेसाठी माझ्या वाट्याला विषय आला, अमेरिकन राय व्हिस्की.

मी दारू कधी चाखलेली नाही. कॉलेजात बारचं प्रॅक्टिकल असायचं तेव्हा बाटल्यांत रंगीत पाणी असे, आणि ते मला बऱ्यापैकी ओतता यायचं. इथे बाटल्या खऱ्या होत्या, पण कुलपात. आम्हाला फक्त छापील कागद मिळाले. राय म्हणजे गव्हाच्या नात्यातलं, थंड मुलखातलं धान्य. या व्हिस्कीत ते निम्म्याहून जास्त हवं, बाकी मका आणि मोड आणलेले जव. सगळं भरडायचं, गरम पाण्यात शिजवायचं, निवलं की यीस्ट घालून आंबवायचं. मग तापवून वाफ धरायची आणि ती थंड करून अर्क काढायचा. तो अर्क ओकच्या नव्या पिंपात कित्येक महिने, वर्षं मुरवायचा, आणि पिंप आतून जाळलेलं हवं.

इथे मी अडायचो. नवंकोरं पिंप करायचं आणि मग ते जाळायचं? रंग आणि चव त्या जळक्या लाकडातून येते, असं कागदात होतं. वाचताना समजायचं, कागद मिटला की पुन्हा समजेनासं व्हायचं.

माझा रूममेट रत्नागिरीकडचा, हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. वयाने मोठा म्हणून मी त्याला भाई म्हणायचो. पाच वेळची नमाज पढणारा माणूस, पण माझा कागद हातात धरून तो माझी उजळणी घ्यायचा.

“मेल्या, नीट पाठ कर,” तो म्हणायचा. “दारूचं नाव घेऊन घेऊन माझ्या खात्यावर पाप चढतंय. तू नापास झालास तर ते पण फुकट जायचं.”

“भाई, पण पिंप जाळतात का?”

“मला काय विचारतोस? माझ्याकडे जळकं काही आलं की मी परत पाठवतो.”

कागदात आणखी एक गोष्ट होती. आधीच्या खेपेतलं उरलेलं थोडं आंबट पाणी नव्या खेपेत घालतात. का, ते माझ्या लक्षात येत नव्हतं. शुक्रवारी आईचा फोन आला.

“काय शिकतोयस रे सध्या?”

“व्हिस्की कशी करतात ते.”

“प्यायची नाही ना?”

“नाही गं. नुसती सांगायची.”

“मग सांग मला.”

मी पहिल्यापासून सांगितलं. आधीच्या खेपेतल्या पाण्यापाशी आलो तशी ती म्हणाली, “म्हणजे विरजणच की!”

मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. आमच्याकडे दही कितीही थोडं उरलं तरी तळाचं चमचाभर राखून ठेवतात. दिवेलागणीनंतर शेजारणीने मागितलं तरी आई विरजण देत नाही. अख्ख्या कागदात माझ्या ओळखीचं पहिल्यांदा काही सापडलं होतं.

परीक्षा घेणाऱ्या ट्रेनर मॅडम केनियाच्या. बोलणं सगळं इंग्रजीत. धान्य, मोड, पिंप, मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं आणि आंबट पाण्यापाशी आल्यावर माझा आवाजच वाढला. आमच्या घरचं दही, चमचाभर राखणं, त्या चमच्याने नवं दही लागणं. दिवेलागणीचंही सांगितलं. मॅडम शांतपणे ऐकत होत्या.

“हे पाणी कधी काढतात? अर्क काढण्याआधी की नंतर?”

“नंतर. भट्टीच्या तळाशी उरतं ते.”

“म्हणजे उकळलेलं?”

“हो.”

“तुझी आई विरजण उकळून ठेवते?”

उकळलेल्या विरजणाने दही लागत नाही, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. त्या पाण्यातलं यीस्ट तर मेलेलं. मग नवी खेप आंबते कशाने, मी विचारलं.

“यीस्ट वेगळं घालतात, तूच आत्ता सांगितलंस.”

“मग मेलेलं पाणी कशाला, मॅडम?”

“आंबटपणासाठी. नको ते जंतू आंबटात वाढत नाहीत, यीस्टला मात्र ते चालतं.”

“ताकासारखं?”

“आता दूध सोड.”

मी सोडलं, पण माझ्या डोक्यातून सगळंच सुटलं. पुढचा प्रश्न मका जास्त असलेली व्हिस्की आणि राय यांच्या चवीतल्या फरकाचा होता. मका गोडसर, राय मिरीसारखी तिखट, असं कागदातलं सांगितलं. स्वतः चाखली आहेस का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. गिऱ्हाइकाला काय सांगशील? माहीत नाही म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. “बार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा ये. तोपर्यंत सकाळी कॉफी काउंटर.”

“म्हणजे मला ठेवताय?”

“नाहीतर वर्ल्ड कपला कॉफी कोण करणार? यल्ला, चल, पुढच्याला पाठव.”

खोलीवर भाई इस्त्रीचे कपडे घडी करत होता. “पास का नापास?”

“कळत नाही.”

“ठेवलं का काढलं?”

“ठेवलं.”

“मग डोकं कशाला खातोस?”

मी आईला फोन लावला. राहतोय म्हणून सांगितलं.

“व्हिस्कीत?”

“नाही, कॉफीत.”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकी सुटका होती की मी पास झालो नाही, हे तिला सांगावं की नाही तेच मला कळेना. तोवर ती शेजारणीला हाक मारून सांगायलाही लागली होती.