माझ्या खिशाचं भोक

आमच्या घरात बचत मी करतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

माझी पद्धत सोपी होती. पगार झाला की मी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचो. पगारातून किराणा, दूध, लाईटबिल, पोरीची फी वजा करायचो आणि खाली जो आकडा उरेल त्याला बचत म्हणायचो. आकडा दर महिन्याला झकास यायचा. तो बघून इतकं समाधान व्हायचं की मी त्याच आनंदात गंजगोलाईच्या बाजारात जाऊन जिलेबी घेऊन यायचो. महिनाअखेरीला मात्र ती बचत कुठंच दिसायची नाही. (एकदा मी कॅल्क्युलेटरचे सेलसुद्धा बदलून पाहिले.)

मी लातुरातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. कॉलेजचा रुपया इकडचा तिकडं झाला तर मला झोप लागत नाही. असं असून माझ्याच खिशाला गळती लागावी? संध्याकाळी शर्ट खुंटीला टांगताना खिशात जेवढे पैसे असायचे, तेवढे सकाळी नसायचे. कधी वीस कमी, कधी पन्नास. मी ऑफिसातला दुपारचा चहा सोडला. पान सोडलं. स्कूटर सोडून पायी जायला लागलो. माझं पोट कमी झालं, पण गळती काही कमी झाली नाही.

शेवटी मी बायकोला म्हणालो, "सुनंदा, खिशाला भोक पडलंय बहुतेक."

तिनं शर्ट उजेडाला धरला. खिसा उलटा केला, आत बोट फिरवलं.

"आसंल बारीक," ती म्हणाली. "दिसत न्हाई, पण आसंल. शिवून टाकते."

आणि तिनं तो खिसा दुहेरी टाक्यांनी, अगदी मन लावून शिवला. दुसऱ्या दिवशी पन्नास रुपये कमी. मी म्हटलं, भोक दुसरीकडं असावं.

सुनंदा आमच्या भागातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. दर शनिवारी दुपारी बायका आमच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून बसायच्या. त्या आल्या की मी चप्पल घालायचो आणि त्या गेल्या की परत यायचो.

"झाली का तुमची पापडांची बँक?" मी विचारायचो.

"झाली," ती शांतपणे म्हणायची आणि सतरंजी गुंडाळायची.

गटात बायका कोण कोण आहेत, पैसे किती जमतात, कुणाला देतात, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, आणि मी आजही जिलेबी खात बसलो असतो.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीनं, शोभानं, मुरुडला घर बांधलं. गृहप्रवेशाचं आमंत्रण द्यायला तिचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. तिकडं तिची सासू, जाऊ, नणंद, सगळी मंडळी ऐकत असल्याचं मला खोकल्यांवरून कळलं. आता एवढे लोक ऐकतायत म्हटल्यावर माणसाचा आवाज आपोआप मोठा होतो.

"शोभा, फ्रिज माझ्याकडून," मी म्हणालो.

"दादा, फ्रिज कशाला? तुमची तुम्हालाच ओढाताण आसते."

"अगं, बचत करतो मी. बचत!"

सुनंदा शेजारी शेंगा सोलत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि परत शेंगा सोलायला लागली. त्या पाहण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

कॅल्क्युलेटरमधल्या पैशांनी फ्रिज येत नाही. दुकानदार पंधरा हजार रोख मागत होता. बहिणीच्या सासरी तोंडघशी पडायची वेळ आली, तसा मी जाधवला गाठलं. जाधव माझ्याच ऑफिसातला, टेबलाला टेबल लागून. मूळचा हिमायतनगरचा, आता आमच्याच मागच्या गल्लीत राहतो. दोन दिवसांनी त्यानं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये सरकवलं.

"शेकडा दोन रुपये महिना पडंल," तो म्हणाला.

"एवढे कुठून आणलेस?"

"सोनकांबळे, आंबे खायचे का कोयी मोजायच्या?"

मी आंबे खाल्ले. "फक्त बायकोला कळता कामा नये," मी म्हणालो.

"मी तर माझ्या बी बायकोला खरं न्हाई सांगितलं," जाधव म्हणाला. "तिला म्हणलं, मलाच पाहिजे."

गृहप्रवेश थाटात झाला. भन्तेजींची वंदना झाली, जेवणं उठायला लागली आणि कोपऱ्यात लाल रिबीन बांधलेला माझा फ्रिज उभा होता. शोभाची सासू सगळ्यांना हाताला धरधरून तो दाखवत होती. "भाऊ आसावा तर आसा," ती म्हणाली, आणि मला राहवलं नाही. काटकसर या विषयावर मी तिथं चार शब्द बोललो. (चारावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.) सुनंदा वरण वाढत होती. तिचा चमचा मध्येच थांबला, ते मी पाहिलं. मला वाटलं, तिला माझं कौतुक वाटलं असावं.

पहिले दोन हप्ते मी जाधवला वेळेवर दिले. तिसऱ्या महिन्यात काय झालं कळेना, खिशाची गळती एकदम दुप्पट झाली. पन्नासाच्या जागी शंभर गायब. हप्ता चुकला. पुढच्या महिन्यातही चुकला. मी जेवणाची सुट्टी बदलून घेतली, जाधव दिसला की फायलीत तोंड घालायचो.

आणि एका संध्याकाळी सुनंदा म्हणाली, "अहो, पायात चपला घाला. एका घरी जायचंय."

"कुणाच्या?"

"वसुलीला. एका बाईचे दोन हप्ते थकलेत. सोमवारी बँकेचे साहेब येणार हायत. एक जरी थकबाकी दिसली तर मिरची कांडपाच्या मशीनचं कर्ज गेलं म्हणून समजा. वर्षभर खपल्यात बायका त्या मशीनपायी."

"मग मी कशाला?"

"तुम्ही नुसतं उभं राहा. मिशीवाला माणूस संगट आसला की लोक नीट बोलतेत."

इतक्या वर्षांत माझ्या मिशीचा कुणी असा उपयोग केला नव्हता. मला स्फुरणच चढलं. वाटेनं मी बोलत सुटलो.

"लोकांना कर्ज घेताना गोड वाटतं. फेडायचं म्हटलं की तोंड लपवतात. असल्या माणसाला चारचौघांत उभं करून विचारलं पाहिजे."

"विचारूत की," सुनंदा म्हणाली.

"ऐपत नसताना घ्यावंच कशाला मी म्हणतो? अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"बरूबर हाय तुमचं."

आम्ही मागच्या गल्लीत वळलो. मी अजून बोलतच होतो. सुनंदा एका हिरव्या दारासमोर थांबली. दार जाधवचं होतं.

मीरावहिनींनी, म्हणजे जाधवच्या बायकोनं, दार उघडलं. सुनंदाला बघून त्यांचा चेहरा उतरला. आतून जाधव बनियनवर आला. त्यानं सुनंदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत सुनंदाकडं पाहिलं. गटाची अध्यक्ष माझी बायको आहे, हे त्याला माहीत नव्हतं. कर्ज घेणारी त्याची बायको आहे, हे मला माहीत नव्हतं. दोघंही पडलो नवरे.

"बोला ना हो," सुनंदा मला म्हणाली.

मी घसा साफ केला. "जाधव, लोकांचे पैसे वेळेवर द्यावेत."

जाधव माझ्याकडं बघतच राहिला. "हाव ना," तो म्हणाला. "मी बी दोन महिन्यांपासून तेच म्हणून राहिलो. लोकांनी पैसे वेळेवर द्यावेत."

"काही अडचण असेल तर सांगावी. तोंड लपवू नये."

"न्हाईच लपवू. फायलीत तर मुळीच लपवू नये."

मीरावहिनींनी डोळ्याला पदर लावला. "ताई, माझ्यामुळं मशीन आडकलं तर बायका मला काय म्हणतील? हे आता म्हणतेत पैसे एका दोस्ताला दिले. आन दोस्त भेटंना झालाय."

आता मात्र मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. फुशारकी माझी, फ्रिज माझ्या बहिणीचा, आणि रडत होती ही बाई, जिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

"कोण दोस्त हाय भाऊजी?" सुनंदानं विचारलं. "ह्यांना सांगा. हे बघतेत त्याला."

"वहिनी," जाधव म्हणाला, "हे त्याला रोजच बघत असतील. दाढी करताना."

मी मान खाली घालून म्हणालो, "मीरावहिनी, तो दोस्त मीच. तुमची काही चूक नाही. सोमवारच्या आत पैसे भरतो." कुठून भरणार होतो, ते माझं मलाच माहीत नव्हतं. सुनंदानं साधं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मीराबाई, चहा ठेवा," ती म्हणाली. "ह्यांना साखर कमी. दुपारचा सोडलाय त्यांनी, पण आज पाजा."

परत येताना मी दोन पावलं मागं चालत होतो.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"फ्रिजच्या येळंलाच. तुमच्या खिशात काय आसतं ते तुमच्यापरीस मला जास्त ठावं. फ्रिज बोललाव तवाच म्हणलं, कुठंतरी पाणी मुरायलंय. त्याच शनिवारी मीराबाईनं तेवढंच कर्ज मागितलं. दोन आन दोन चार करायला हेडक्लार्क लागत न्हाई."

"पण माझ्या खिशात काय असतं ते तुला..." मी जागीच थांबलो. "म्हणजे भोक?"

"कशाचं भोक? चांगलं कमी-जास्त बघून काढायची मी. गटात माझ्या नावावर भरायची. मशीनसाठी वर्गणी डबल केली, म्हणून डबल काढायली."

मी रस्त्यात उभं राहून हिशोब केला. माझ्या खिशातले पैसे गटात. गटातून मीरावहिनींकडं, त्यांच्याकडून जाधवकडं, जाधवकडून माझ्याकडं. आणि हप्ता चुकला, कारण हप्त्याचे पैसे वर्गणी म्हणून आधीच गटात जाऊन बसले होते.

"सुनंदा, म्हणजे मी माझ्याच पैशावर व्याज भरलं?"

"तुमचे कसे? खिशाच्या बाहेर आले की गटाचे."

"मग सगळं माहीत होतं तर मला तिथं नेलंस कशाला?"

"घरात विचारलं आसतं तर कबूल झाला आसताव?"

दोन्ही हप्ते तिनं तिच्या भिशीतून भरले. (ते मी अजून फेडतोय. शेकडा दोननंच. नवरा म्हणून सूट नाही, मी विचारून पाहिलं.) सोमवारी साहेब आले, थकबाकी निल निघाली आणि महिन्याभरात मशीन आलं. पहिलं तिखट कांडलं तेव्हा सगळी गल्ली शिंकत होती आणि बायका हसत होत्या. दाराआडून बघताना मला खरंच भरून आलं. इतकी वर्षं मी आकडे मांडत बसलो होतो, आणि ही बाई वीस-वीस रुपयांनी खरोखरची वस्तू उभी करत होती. डोळे पुसत होतो तर जाधव म्हणाला, "तिखट लई चढून राहिलं का?" मी हाव म्हणालो.

दिवाळीला गटानं व्याजाचा नफा वाटला. त्या वर्षी व्याज बरं जमलं होतं, माझाही त्याला हातभार होता. सुनंदानं तिच्या वाट्यातून मला शर्ट आणला. एवढ्या रामायणानंतर हिनं माझ्यासाठी काही आणावं! मी लगेच घालून आरशासमोर उभा राहिलो. कापड चांगलं, रंग चांगला, अंगालाही नीट बसला.

"ह्याला दोन खिसे कसे?" मी विचारलं.

"एका खिशात भागंना झालंय," ती म्हणाली. "आता शेवया मशीन घ्यायचंय."

मी दोन्ही खिसे चाचपून पाहिले. बटण एकालाही नव्हतं.