साडूभाऊंनी प्यायलेलं लिंबू

भुताला अजिबात न घाबरणारा आणि छताच्या पंख्याला थरथर कापणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. साडूभाऊंनी आयुष्यभर वणीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि सुटीच्या दिवशी गावोगाव फिरून बुवाबाजांचे चमत्कार उघडे पाडले. जिभेवर कापूर पेटवणं, नारळातून धूर काढणं, लिंबातून रक्त काढणं हे सगळं ते हसत हसत करतात आणि लगेच त्यामागची युक्ती सांगून टाकतात. या सांगून टाकण्याच्या खोडीला मात्र इलाज नाही. एका वाढदिवसाला पोरांसाठी जादूगार आणला होता. त्यानं रुमालातून अंडं काढलं, पोरांनी टाळ्या पिटल्या, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "डावी बाही झटकाले सांगा त्याले!" बाही झटकली गेली नाही, पण जादूगार न जेवता निघून गेला आणि पोरांनी भोकाड पसरलं. घरी आल्यावर बायकोनं झापलं तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "मले पोटात ठेवता येत नाही, मी काय करू?"

आता पंख्याचं. माझं वणीत औषधाचं दुकान आहे, त्यामुळे साडूभाऊंची प्रकृती मला त्यांच्या डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक. बाजारात कुठलीही नवी साथ आली की ती आधी त्यांच्याकडे मुक्कामाला उतरते आणि मग गावात हिंडते. पंख्याखाली बसले की मान धरते, दही खाल्लं की घसा बसतो. भर मे महिन्यात मफलर गुंडाळून दुकानात येतात आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणतात, "आज थोडकं कसंतरीच वाटून राह्यलं." साडूभाऊ सलग पंधरा दिवस ठणठणीत आहेत, असं मी कधी पाहिलेलं नाही. हे मी हौसेनं सांगत नाही. पुढं जे घडलं त्यात माझा जीव टांगणीला लागला तो याच गोष्टीमुळे.

माझी मुलगी यवतमाळच्या कॉलेजात चित्रपटाचा अभ्यासक्रम शिकते. शेवटच्या वर्षाला त्यांना भयपटाचा ट्रेलर करायचा होता. भयपट नाही, नुसता ट्रेलर. लग्न ठरलेलंच नाही आणि पत्रिका छापायची, असला प्रकार. पण पोरगी हट्टाला पेटली होती. वर्गातल्या दोघा-तिघांना घेऊन ती आमच्या घरी आली, जमिनीवर कागद पसरले आणि लागणाऱ्या सामानाची चर्चा सुरू झाली: काळी बाहुली, टाचण्या टोचलेलं लिंबू, फुटक्या बांगड्या, बिब्बे, कंदील. हे सगळं फुकटात आणि एका ठिकाणी कुणाकडे मिळणार? साडूभाऊंकडे त्याची पेटीच भरलेली होती. वीस-पंचवीस वर्षं गावोगावच्या चौकांतून गोळा केलेली ती इस्टेट त्यांनी आनंदानं आणून ठेवली. भीती घालवण्यात हयात घालवलेल्या माणसाला आता भीती तयार करायला बोलावलं, याची गंमत सगळ्यांत जास्त त्यांनाच वाटत होती.

गंमत टिकली ती कथा ऐकेपर्यंत. गावाबाहेर पडकं गोदाम, त्यात एकटी राहणारी म्हातारी, ती लिंबू कापते आणि गावात एकेक जण आजारी पडतो, असं काहीतरी होतं. साडूभाऊंनी मफलर सोडून परत बांधला. ते चिडले की असं करतात.

"म्हातारीच काहून? म्हातारा काहून नाही?"

"मावसाजी, हॉररमध्ये म्हातारीच लागते," पोरगी म्हणाली.

"कोणाले लागते? अन तिले काय पायजे? लोकायले बिमार पाडून तिले काय भेटते, ते सांग ना मले."

ट्रेलरमध्ये उत्तर द्यावं लागत नाही, एवढंच पोरगी म्हणाली. साडूभाऊंनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण शूटिंग झाल्यावर माझी एकन् एक वस्तू परत पेटीत आली पायजे. गावात काही राह्यलं नाही पायजे." आम्हाला वाटलं, पेटीवर जीव आहे त्यांचा.

शूटिंगसाठी केळापूरच्या बाजूचं एक लहानसं गाव मिळालं. गावाच्या टोकाला कापसाचं बंद गोदाम आणि त्याला लागून एका विधवेचं घर, जिला सारं गाव काकी म्हणायचं. काकी एकटीच. तिनं पोरांना पाणी दिलं, सावलीला बसवलं, शेंगा भाजून दिल्या. बाहुली फारच कोरी दिसते म्हणून माझ्या मुलीनं तिच्याकडे एखादं जुनं फडकं मागितलं, तर तिनं आपल्या हिरव्या लुगड्याचा जीर्ण पदर फाडून दिला आणि स्वतःच्या हातानं बाहुलीला नेसवला. "माह्या नातीवाणी दिसते," म्हणून हसली. साडूभाऊंनी जास्वंदीचं फूल चोळून वाळवलेली सुरी दिली. त्या सुरीनं लिंबू कापलं की रस लालभडक होतो. दिवसभर काम झालं. संध्याकाळी घरी येऊन पेटी लावली तर बाहुली नाही, आणि तिच्या पोटाला दोऱ्यानं बांधलेलं टाचण्यांचं लिंबूही नाही.

मी म्हटलं, राहू द्या, दुसरी शिवू. साडूभाऊ जेवले नाहीत. सकाळी उठून माझ्या दारात उभे. काखेत पेटी, मफलर नाही, टोपी नाही, आणि चेहरा असा की मी चहा न घेता गाडी काढली. मुलगी मागं बसली. राजूर मागं पडलं, दोन्ही बाजूंनी वेचणीला आलेला कापूस पांढराशुभ्र पसरला होता.

गावात शिरल्यावर आधी कुत्रं दिसलं, मग माणसं. काकीच्या घरासमोर सारं गाव उभं होतं. कुणी ओरडत नव्हतं, त्याचीच जास्त भीती वाटली. काकी ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोर मातीत आमची बाहुली पडली होती, कुत्र्यानं चावून एक हात तोडलेली. ती पलीकडच्या एका कास्तकाराच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या, गोठ्यात सापडली होती, आणि त्याच रात्री त्याच्या गाईचं वासरू मेलं होतं. पहिलंच वासरू. तो माणूस रडून रडून डोळे सुजवून उभा होता. त्याला दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

"ही बाहुली आमची आहे," साडूभाऊ म्हणाले. "पोरायच्या पिक्चरची. कुत्र्यानं ओढून नेली असन."

"बाहुली तुमची असन मास्तर. लुगडं कोणाचं आहे?"

त्या हिरव्या पदराकडे सगळ्यांनी पाहिलं. तसलं लुगडं गावात एकीचंच होतं. माझी मुलगी पुढं झाली, "मी मागितलं त्यांना. माझी चूक आहे."

"तू मांगतलं. पण तिनं देल्लं ना? आपल्या हातानं नेसवलं ना?" तो म्हणाला. मागून एक बाई बोलली की काकीनं गेल्या आठवड्यात गाईच्या पाठीवरून हातही फिरवला होता. मग आणखी कुणालातरी आणखी काही आठवलं. एकटी राहणाऱ्या बाईविरुद्ध लोकांना किती पटापट आठवतं!

साडूभाऊंना आयुष्यात पहिल्यांदा घाई झाली. इथं आधी युक्ती सांगायची आणि मग लिंबू कापायचं, एवढं साधं भान त्यांना राहिलं नाही. हे सगळं नाटक आहे हे दाखवायला त्यांनी बाहुलीच्या पोटावरचं लिंबू तोडलं, टाचण्या उपसल्या, पेटीतली सुरी काढली आणि सर्रकन कापलं. जास्वंदीनं आपलं काम केलं. लाल रस मनगटापर्यंत ओघळला. बाया दोन पावलं मागं सरल्या, कुणीतरी लेकराचे डोळे झाकले, आणि साडूभाऊ "हे फूल आहे हो, हे फूल आहे" असं ओरडत राहिले. ऐकत कोण होतं? इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर त्यांनी भरवसा ठेवला, ते समजावून सांगणं, ते तिथं मातीमोल झालं होतं.

मग ते थांबले. ओट्यावर चढले आणि काकीला म्हणाले, "काकी, पाणी द्या एक गिलास." तिनं आणलं. साडूभाऊंनी ते लिंबू त्यात पिळलं. पाणी गुलाबी झालं. काकी हळूच म्हणाली, "मीठ टाकू का थोडकं?" अशा वेळी हे फक्त बाईमाणसालाच सुचतं. मीठ पडलं, आणि साडूभाऊ उभ्यानं तो गिलास शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

कास्तकारानं रिकाम्या गिलासात डोकावून पाहिलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "अमावास्येलोक पाहू. तुम्हाले काही झालं, त मंग हिले गावात ठेवाचं का नाही, ते आमी ठरवू."

"अमावास्येले मी येतो," साडूभाऊ म्हणाले, "अन याच ओट्यावर चहा पेतो."

परतताना मुलगी मावसाजींचा हात धरून रडत होती. मी गाडी चालवत होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: हा माणूस अमावास्येपर्यंत आजारी न पडता राहणार कसा?

ते दिवस मी विसरणार नाही. मेहुणीनं घरातले पंखे बंद केले, पाणी दोनदा उकळलं, कुणी शिंकलं तर त्याला अंगणातूनच परत पाठवलं. साडूभाऊ सकाळ-संध्याकाळ वाफ घेत होते आणि दुकानात येऊन आरशासमोर काढावी तशी जीभ बाहेर काढून मला दाखवत होते. काय आहे, काही नाही ना? काही नव्हतं. रोज मी देवाचे आभार मानत होतो, अर्थात त्यांच्या पाठीमागं. आणि अमावास्येच्या आदल्या दिवशी ताप चढला. साधाच, ऋतू बदलतानाचा, पण अंग भट्टीसारखं. डॉक्टरांनी सलाईन लावली आणि पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं. मेहुणीनं चपला लपवल्या. "मराले जाऊन राह्यले का तिकडे?" ती ओरडली. साडूभाऊ उठून बसले. "मी नाही गेलो त ती मरन," म्हणाले. मेहुणीनं चपला आणून पायाशी ठेवल्या आणि तोंड फिरवलं.

हातावरची सलाईनची पट्टी झाकायला त्यांनी लांब बाह्यांचा सदरा घातला. मी वेळ साधून गोळी दिली. गावात पोचलो तेव्हा लोक जमलेलेच होते. साडूभाऊ ताठ चालत गेले, ओट्यावर मांडी घालून बसले, काकीनं कपबशी हातात दिली आणि घात झाला. हात थरथरत होता. कप बशीवर टणटण वाजू लागला. त्या शांततेत तो आवाज गावभर ऐकू जावा असा होता.

देताना काकीची बोटं त्यांच्या हाताला लागली होती. तिला सगळं कळलं. ज्या तापामुळे तिचं घर जाणार होतं, तो ताप तिनं आपल्या हातानं चाचपला होता. मग तिनं कपबशी काढून घेतली, चहा स्टीलच्या गिलासात ओतला आणि मोठ्यानं म्हणाली, "बशी कायले पायजे तुमाले मास्तर? शयरातल्यावाणी करून राह्यले! घ्या, दोन्ही हातानं घ्या, गरम आहे." आणि त्यांच्या अंगाला अंग लावून अशी बसली की त्यांचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. हलायला जागाच राहिली नाही.

कास्तकार जवळ आला. "कसे आहा?"

"मस्त," साडूभाऊ म्हणाले. खोटं बोलताना मी त्यांना ऐकलं ते तेवढंच.

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. माणसं एकेक करून पांगली. साडूभाऊ नंतर आठवडाभर अंथरुणात होते.

मुलीनं ट्रेलर नव्यानं केला. त्यात म्हातारी नाही, बाहुली नाही. आतल्या अंधारातून दाराची फट दिसते आणि फटीबाहेर गप्प उभी असलेली माणसं. बस्स. परीक्षकांनी "भूत कुठाय?" म्हणून बेताचेच गुण दिले. साडूभाऊ मात्र ते पाहून म्हणाले, "मले भेव लागलं बापा."

खरी गोष्ट अशी की एका अमावास्येनं काही भागत नाही. पुढंही कुणाचं ढोर मरणार, कुणाचं लेकरू तापणार. म्हणून साडूभाऊ दर अमावास्येला तिकडे जाऊ लागले. ओट्यावर सगळ्यांसमोर चहा प्यायचा आणि यायचं. सर्दी असो, पाय सुजलेले असोत, जाताना चेहरा नवरदेवासारखा. आजारी पडायची त्यांना सोयच उरली नाही, आणि पडलेच तर दोन अमावास्यांच्या मधे उरकून घ्यायचे.

वर्ष सरत आलं तेव्हा एका अमावास्येला मात्र ते गेले नाहीत. कंबर धरली होती, उठताच येईना. भर दुपारी माझ्या दुकानात फोन वाजला. त्या कास्तकाराचा आवाज ऐकून मी समोरचं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं.

"मास्तर नाही आले आज," तो म्हणाला. "बिमार आहेत का?"

मी "का हो?" म्हणून वेळ काढला.

"नाही, काकीनं चहा दोनदा गरम केला. मी बी तिच्याच ओट्यावर बसलो आहे, एक कप झाला माहा. ती मनते, फोन लावून पाय. बिमार असन त सांगा, मी येतो भेटाले. तिले बी घेऊन येतो गाडीवर."

मी शटर अर्धं ओढून साडूभाऊंच्या घरी गेलो आणि जसंच्या तसं सांगितलं. ते पलंगावर पडून छताकडे पाहत होते. दोनदा माझ्याकडून ते वाक्य वदवून घेतलं, कास्तकार कुठं बसला होता ते.

"म्हणजे आता मले बिमार पडाले हरकत नाही," ते म्हणाले.

मी हसलो. साडूभाऊ त्या वर्षात फार थकले, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. त्यांनी डोळे मिटले आणि दिवसाढवळ्या, बिनघोर, ते झोपी गेले.