नावानं येणारी हाक

संघप्रिया नागभीडची. रुग्णसेवेचा कोर्स संपवून ती मूल शहराजवळच्या एका गावात पहिल्याच कामावर आली, तेव्हा एका म्हातारीला सांभाळणं तिला सोपं वाटलं होतं. पण रुखमाआजीचं डावं अंग लुळं पडलेलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पेज भरवायची, पाठीची जखम पुसायची. वर आजीची सून, ज्योत्स्नाबाई, सहज म्हणे, "बसलीच आहेस त भांडे घासून टाक ना." संघप्रियाच्या तोंडून 'नाई' निघतच नसे. दीड महिना झाला, एकदाही ती घरी गेली नव्हती.

मग हाका सुरू झाल्या. "संघप्रियाऽ..." ती धावत जाई, तर आजी गाढ झोपलेली. शिवाय आजी तिला 'पोरी' म्हणे, नाव आजीला ठाऊकही नसावं. आधी हाक खोलीतून येई, मग विहिरीकडून, मग धानाच्या बांध्यांपलीकडून, शेतं संपून जिथे जंगल लागतं तिथून.

एका दुपारी पेजेची वाटी घेऊन ती भिंतीला टेकली. डोळे उघडले तेव्हा ती शेवटच्या बांधावर उभी होती. अनवाणी. हातात तीच वाटी, पेजेवर साय धरलेली. पाखरू बोलत नव्हतं. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी समोर सागाखालचं गवत हळूच दुभंगत होतं. झाडावरचं वानर एकाएकी खॅक् करून ओरडलं, वाघ दिसल्यावर ओरडतं तसं. पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे टाकत ती घरी आली.

आजी जागी होती. दाराकडेच पाहत होती.

"जाऊन आलीस का?"

संघप्रियानं वाटी खाली ठेवली.

"सासूले सांभाळत होती तवा मलेबी येत जाय हाक," आजी म्हणाली. "मी कोनालेच नाई म्हनत नव्हती. एक दिवस शुद्धीवर आली, त तलावात गळ्याइतक्या पान्यात उभी. झोपत जा पोरी. हरेक हाकेले ओ देऊ नोको. माह्याबी नाई."

त्याच संध्याकाळी संघप्रिया ज्योत्स्नाबाईंसमोर उभी राहिली. "काकू, दुपारी दोन तास मी झोपन. तवा आजीजवळ तुमी बसा. भांडे मी घासनार नाई. अन् दर बुधवारी घरी जाईन."

"अन् आईले काही झालं त?"

"मीच पडली त आजीले कोन पाहीन?"

ज्योत्स्नाबाई दोन दिवस दुपारी खोलीकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दुपारी मात्र खुर्ची ओढून सासूच्या उशाशी बसल्या.

संघप्रिया अजून त्याच घरी आहे. आजीची जखम भरत आली आहे. दुपारी ती दाराला आतून कडी लावून झोपते. कधीमधी बांध्यांकडून तिचं पूर्ण नाव ऐकू येतं, अगदी लाडानं घेतल्यासारखं. ती चादर डोक्यावर ओढून घेते आणि गप्प राहते.